तेलुगू अक्षरांचे कोड, आणि देवनागरीत ७६८ मिळवून का भागत नाही

सोलापूरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या समाजाच्या मंडळाची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे. एका रकान्यात नाव देवनागरीत, दुसऱ्यात तेलुगूत. तेलुगूचा रकाना बराचसा रिकामा आहे आणि तो भरायला त्यांना प्रत्येक तेलुगू अक्षराचा कोड हवा आहे. एक तक्ता त्यांना मिळाला, पण त्यात जोडाक्षरंच नाहीत. तेलुगूत लिहिलेल्या 'स्त्री' या एका अक्षराची लांबी एक्सेल ६ दाखवतं. तेच नाव शोधलं तर काही ओळींत सापडतं, काहींत नाही. काही ओळींत तर भलतीच चिन्हं दिसतात. आणि त्यांना कोणीतरी सांगितलंय की देवनागरी अक्षराच्या कोडमध्ये ७६८ मिळवले की तेलुगू अक्षर मिळतं. हे खरं का?

७६८ ची गोष्ट बहुतेक सुट्या अक्षरांपुरती खरी आहे. शब्दाला ती लावली की घोटाळा सुरू होतो, आणि तुमच्या यादीत तर माणसांची नावं आहेत. तुमची खरी अडचण तक्त्याची नाही. पडद्यावर जे दिसतं तेच फाइलीत साठवलेलं आहे असं आपण धरून चालतो, आणि भारतीय लिप्यांच्या बाबतीत तसं कधीच नसतं. फाइलीत असते ती अंकांची एक रांग, उच्चाराच्या क्रमाने लावलेली. अक्षराला आकार येतो तो दाखवताना, फॉन्ट आणि त्याच्यामागचं सॉफ्टवेअर मिळून तो घडवतात. भारतीय भाषांच्या मजकुरावर काम करताना माझा पहिला नियम हाच आहे: शंका आली की आकाराकडे बघायचं नाही, अंक बघायचे.

आधी ७६८ कुठून आले ते सांगतो, कारण त्यातूनच पुढचं बरंचसं उलगडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. हे क्रमांक बहुतेक ठिकाणी सोळाच्या पद्धतीत छापलेले असतात, मी इथे आपले नेहमीचे दशमान आकडे देतो, एक्सेललाही तेच कळतात. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा दिल्या आहेत, तेलुगूला ३०७२ ते ३१९९ अशा १२८. देवनागरी 'क' २३२५ वर, तेलुगू 'क' ३०९३ वर. फरक ७६८. 'ख' चा फरक ७६८, 'म' चा ७६८, कान्याचा ७६८, पाय मोडण्याच्या चिन्हाचाही ७६८. हा योगायोग नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच्या आधीच आपल्याकडे भारतीय लिप्या संगणकात साठवायची इस्की नावाची पद्धत तयार होती. तिचं १९८८ चं रूप युनिकोडने पायाला घेतलं. पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्कीचं सुधारलेलं मानक काढलं, क्रमांक १३१९४. इस्कीत सगळ्या ब्राह्मीकुळातल्या लिप्यांसाठी एकच तक्ता होता. 'क' चा अंक एकच, तो देवनागरीत दाखवायचा की तेलुगूत हे वेगळ्या खुणेने सांगायचं. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, पण घरातली मांडणी तीच ठेवली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'क' सगळ्या लिप्यांत एकाच कळीवर असतो, त्यामागेही हाच विचार आहे. भाषा वेगळ्या असल्या तरी वर्णमाला एका साच्यातली आहे, हे त्या लोकांनी ओळखलं आणि यंत्रात उतरवलं. मला आजही ते काम फार मोलाचं वाटतं.

आता तुमचा 'स्त्री' घेऊ. तेलुगूत तो असा साठवलेला असतो: स ३१२८, पाय मोडण्याचं चिन्ह ३१४९, त ३१०८, पुन्हा ३१४९, र ३१२०, आणि शेवटी दीर्घ ईकार ३१३६. एकूण सहा अंक, म्हणून लांबी ६. एक्सेल चुकलेलं नाही. मराठीत 'स्त्री' लिहून त्याची लांबी काढून बघा, तिथेही ६ च येईल: २३६०, २३८१, २३४०, २३८१, २३५२, २३६८. प्रत्येकी ७६८ मिळवले की वरचीच रांग मिळते.

रांग तीच असली तरी आकार मात्र पार वेगळा. देवनागरीत पहिली व्यंजनं अर्धी होतात आणि शेवटचं पूर्ण राहतं. 'स्त्री' मध्ये स अर्धा, आणि वेलांटी सगळ्यांच्या शेवटी उजवीकडे. तेलुगूत उलट चालतं. पहिलं व्यंजन पूर्ण आकारात वर राहतं, पुढची व्यंजनं लहान होऊन त्याच्या खाली जातात. या खालच्या रूपाला तेलुगूत वत्तु म्हणतात. स वर, त खाली, र चा वत्तु खालून वळसा घालून येतो. आणि ईकार? तो साठवलाय सर्वांत शेवटी, र च्या नंतर. दिसतो मात्र स च्या डोक्यावर. डोळ्याने वाचणारा म्हणेल की 'सी' ला खाली काहीतरी लटकलंय. फाइलीत 'सी' असा क्रम कुठेच नाही. म्हणून तेलुगू मजकुरात आकार बघून टंकन करणारा माणूस पहिल्याच जोडाक्षराला अडतो, आणि उच्चार करत टंकन करणारा सहज पुढे जातो. स, पाय मोडा, त, पाय मोडा, र, ई. बस.

तुमच्या तक्त्यात जोडाक्षरं का नाहीत याचं उत्तरही हेच. त्यांना स्वतःचे क्रमांक नाहीत आणि त्यांची गरजही नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' सुद्धा तेलुगूत तीन-तीन अंकांनीच बनतात, आपल्यासारखेच.

मराठी माणसाचा हमखास गोंधळ उडतो तो 'धर्म' सारख्या शब्दांत. आपल्याकडे र आधी उच्चारला की तो रफार होऊन म च्या डोक्यावर बसतो. आजच्या तेलुगूत रफार वापरत नाहीत. तिथे र पूर्ण लिहितात आणि त्याच्याखाली म चा वत्तु. जुन्या छपाईत तेलुगूचा स्वतःचा रफार होता, त्याला वलपलगिलक म्हणतात, पण तो आता मागे पडला. अंकांची रांग दोन्हीकडे सारखीच: ध, र, पाय मोडा, म. सोलापुरात तेलुगू पाट्या वाचायला शिकलेले पण शाळा मराठीतून झालेले कित्येक लोक यादीतलं 'धर्मय्या' बघून 'इथे रफार सुटला' म्हणून दुरुस्त करायला जातात. करू देऊ नका, ते बरोबरच आहे.

लांबी नेमकी किती धरायची, हे मात्र तुम्ही ती कशासाठी मोजताय त्यावर ठरतं. एक्सेल मोजतं ते क्रमांक: ६. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये मांडायची नेहमीची पद्धत) साठवली तर प्रत्येक तेलुगू क्रमांकाला ३ बाइट लागतात, म्हणजे 'स्त्री' ला १८. तुमची यादी उद्या एखाद्या डेटाबेसमध्ये गेली आणि तिथल्या नावाच्या रकान्याची मर्यादा ३० बाइट असेल, तर त्यात तेलुगूचे फक्त १० क्रमांक मावतील, आणि नाव मध्येच तुटेल. मर्यादा अक्षरांत आहे की बाइटमध्ये, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आधीच विचारून घ्या. सभासदांना एसएमएस पाठवणार असाल तर तिथे तिसरा हिशेब: इंग्रजीचा एक संदेश १६० अक्षरांचा, युनिकोडमधला ७० चा, आणि त्या ७० मध्ये 'स्त्री' ६ जागा खातो. वाचणाऱ्याला 'एक अक्षर' वाटतं ती चौथी मोजणी. तीसुद्धा हल्लीच सुधारली. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांतलं अख्खं जोडाक्षर एक धरायचा नियम आला. त्याआधीच्या नियमाने 'स्त्री' चे तीन तुकडे व्हायचे. तुमच्या फोनमध्ये कर्सर जोडाक्षराच्या मधे थांबतो की पुढे जातो, हे त्यातलं सॉफ्टवेअर कोणता नियम पाळतं त्यावर आहे.

आता ७६८ मिळवून यादीचा रिकामा रकाना भरायचा का, हा प्रश्न. माझं उत्तर आहे: सुरुवातीचा मसुदा म्हणून चालेल, अंतिम यादी म्हणून अजिबात नाही. 'वेंकटेश' हे एकच नाव बघा. तेलुगूत ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ओ सुद्धा दोन. 'वेंकटेश' मधला पहिला ए ऱ्हस्व, त्याच्या मात्रेचा क्रमांक ३१४२. दुसरा दीर्घ, ३१४३. मराठीत दोन्हीला एकच मात्रा, २३७५. तिच्यात ७६८ मिळवले की ३१४३ मिळतो, म्हणजे दीर्घ. त्यामुळे पहिला ए चुकतो. आणि शेवट? मराठीत आपण 'श' लिहितो आणि 'श्' वाचतो. तेलुगू माणूस लिहिलेला अ वाचतो, त्यामुळे 'वेंकटेश' चं त्याच्या तोंडी 'वेंकटेशा' च्या जवळपास काहीतरी होईल. तेलुगूत शेवटच्या श चा पाय मोडावा लागतो, त्या खुणेला ते पोल्लु म्हणतात. म्हणजे मराठीत ७ अंकांचं नाव तेलुगूत ८ अंकांचं झालं, आणि नुसत्या बेरजेने आठवा अंक कुठून येणार? 'सोलापूर' चं तेच, शेवटच्या र ला पोल्लु हवा. पण 'कृष्ण' चा शेवटचा अ तेलुगूत उच्चारतातच, तिथे पोल्लु दिला तर नाव बिघडेल. हे ठरवायला भाषा कळणारा माणूसच लागतो.

मराठीची काही अक्षरं तर बेरजेनंतर रिकाम्या जागेवर जाऊन पडतात. 'ऑ' २३२१ वर आहे. ७६८ मिळवा, ३०८९. तेलुगूच्या घरात ती जागा रिकामी आहे, कारण त्या लिपीत 'ऑ' नाही. 'ॲ' चं तेच, नुसत्या चंद्राचंही तेच. तुमच्या यादीत पत्त्याच्या रकान्यात 'ऑफिस' असेल तर तिथे चौकोन दिसतील. ('बँक' मधल्या चंद्रबिंदूला तेलुगूत जागा आहे, पण तेलुगू माणूस 'बँक' तसा लिहीत नाही.) दंडही तेलुगूच्या घरात नाही. तेलुगूसकट बहुतेक भारतीय लिप्या देवनागरीच्या घरातलाच दंड वापरतात, २४०४ क्रमांकाचा, त्यात काही मिळवायचं नाही. नुक्त्याला तेलुगूत जागा मिळाली ती थेट २०२१ मध्ये, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तो आजही चौकोन म्हणूनच दिसेल.

सर्वांत फसवा प्रकार 'ऱ' चा. 'वऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशा नावांत आपण 'ऱ' वापरतो तो त्या आडव्या अर्ध्या र च्या आकारासाठी. त्याचा क्रमांक २३५३. बेरीज करून मिळतो ३१२१, आणि तिथे तेलुगूचं एक खरंखुरं अक्षर आहे, बंडि र. जुन्या तेलुगूत त्याचा उच्चार वेगळा होता, आज ते क्वचितच लिहितात. म्हणजे चौकोन येत नाही, चूक कुठे दिसत नाही, आणि नावात एक पुराणं अक्षर बसतं. असल्या मूक चुका शोधायला सर्वांत जड जातात. यादीत 'ऱ' असलेल्या ओळी आधीच गाळून बाजूला काढा आणि हाताने लिहा.

उलट दिशेने, म्हणजे तेलुगूतून ७६८ वजा करून मराठीत आणताना, ऱ्हस्व ए ची मात्रा २३७४ वर उतरते. देवनागरीत ती मात्रा आहे, पण मराठी वाचकाने ती कधी पाहिलेली नसते. 'रेड्डी' नावाचं 'रॆड्डि' होतं. ती मात्रा साध्या मात्रेत बदला, आणि शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ करा, कारण मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहितात. हे दोन बदल केले की बरीचशी आडनावं सुधारतात.

शोध का फसतो, याकडे येतो. तुमच्यासारख्या याद्यांत मला बहुतेक वेळा तीनच कारणं सापडतात, आणि त्यातली दोन 'हैदराबाद' या एका शब्दात दाखवता येतात. तेलुगूत ऐ ची मात्रा दोन तुकड्यांची दिसते, एक अक्षराच्या वर आणि एक खाली. तिचा स्वतःचा क्रमांक ३१४४. पण वरचा तुकडा (३१४२, म्हणजे तोच ऱ्हस्व ए) आणि खालचा तुकडा (३१५८) असे दोन अंक देऊनही तेच दिसतं. युनिकोड या दोन्ही लेखनांना समान मानतो, पण एक्सेलचा शोध अंक ताडून बघतो, म्हणून एक 'हैदराबाद' दुसऱ्याशी जुळत नाही. यावर एनएफसी नावाचं प्रमाणीकरण आहे, ते सगळीकडे ३१४४ करून देतं. पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषांत ते तयार मिळतं. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट सूत्राने ३१४२ आणि ३१५८ ची जोडी शोधून तिच्या जागी ३१४४ घाला, काम होतं. ओ च्या बाबतीत मात्र सावध. ऱ्हस्व ओ च्या पुढे लांबीची खूण (३१५७) दिली की ते दीर्घ ओ सारखं दिसतं, पण युनिकोड या दोघांना समान मानत नाही. प्रमाणीकरण तिथे काही करणार नाही, ती जोडी तुम्हालाच बदलावी लागेल.

दुसरं कारण न दिसणारं अक्षर. तेलुगूत 'हैदराबादमध्ये' म्हणायला 'हैदराबाद्' ला 'लो' हा प्रत्यय चिकटतो. द चा पाय मोडलेला, लगेच ल आला, की सॉफ्टवेअर ते जोडाक्षर समजतं आणि ल ला द च्या खाली ढकलतं. वाचणाऱ्याला ते विचित्र दिसतं. म्हणून द च्या पोल्लुनंतर ८२०४ क्रमांकाचं एक अक्षर घालतात. त्याला रुंदी नाही, आकार नाही. ते फक्त एवढंच सांगतं की इथे जोडू नका. नावांत त्याचा वापर फार. 'राजकुमार' मध्ये ज चा पाय मोडला की क त्याच्या खाली जातो, तो जाऊ नये म्हणून मधे ८२०४. एकाने ते घातलं, दुसऱ्याने घातलं नाही, तिसऱ्याने ज चा पायच मोडला नाही. तीन राजकुमार, आणि शोधात एक सापडतो. आपल्याकडे असाच प्रकार त्या आडव्या र चा आहे. कोणी 'ऱ' वापरतं, कोणी साधा र, पाय आणि ८२०५ क्रमांकाचं जोडणारं अदृश्य अक्षर. दिसतात दोन्ही सारखे.

इथे एक चूक टाळा. ही अदृश्य अक्षरं कचरा समजून मूळ नावातून सरसकट काढून टाकू नका. तेलुगू वाचकासाठी ती शुद्धलेखनाचा भाग आहेत. यादीत एक वेगळा, लपवलेला रकाना करा, त्यात प्रमाणीकरण केलेलं आणि ८२०४, ८२०५ काढलेलं नाव ठेवा, आणि शोध त्या रकान्यात घ्या. छापायला आणि दाखवायला मूळ नाव.

या अदृश्य अक्षराने एकदा जगभर गोंधळ घातला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ज, पाय, ञ, ८२०४ आणि काना अशी पाच अंकांची तेलुगू रांग, म्हणजे 'ज्ञा' आणि त्याच्या पोटात ते न दिसणारं अक्षर, आयफोनवर संदेशात आली की ॲप बंद पडत होतं. ॲपलने त्याच महिन्यात आयओएस ११.२.६ काढून ते दुरुस्त केलं. बातम्यांत ते 'तेलुगू अक्षरामुळे फोन बंद' असं आलं. दोष अक्षराचा नव्हता, आकार घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता.

शोध फसण्याचं तिसरं कारण खास सोलापूरसारख्या गावचं. कन्नड आणि तेलुगू लिप्या एकाच जुन्या लिपीतून आलेल्या, र, ल, ज अशी काही अक्षरं दोन्हीकडे जवळजवळ सारखी दिसतात. तुमच्याकडे मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही कळफलक असलेले फोन घरोघरी असणार. चुकून कन्नड कळफलकावरून एखादं अक्षर आलं तर डोळ्याला कळत नाही. कन्नडचं घर ३२०० ते ३३२७, तेलुगूला अगदी लागून. तेलुगू रकान्यात ३२०० किंवा त्याच्या वरचा, पण ८२०४-८२०५ सोडून, कोणताही अंक आला की ती ओळ लाल करा.

आता भलत्याच चिन्हांबद्दल. तुम्ही नुसतं 'काहीतरी विचित्र दिसतं' लिहिलंय, पण काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसते चौकोन दिसत असतील तर एक तर फॉन्ट नाही, किंवा अंक रिकाम्या जागेचा आहे. विंडोज एक्सपीपासून गौतमी हा तेलुगू फॉन्ट सोबत येऊ लागला आणि विंडोज ८ पासून निर्मला सोबतच येतो, तेव्हा आजच्या संगणकावर फॉन्ट नसण्याची शक्यता कमी, अंक तपासा. ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर मात्रेच्या आधी व्यंजन नाही, म्हणजे टंकनाची चूक आहे. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर वाईट बातमी: कोणीतरी फाइल जुन्या पद्धतीत साठवली आणि अक्षरं कायमची गेली. मूळ प्रत शोधा.

आणि रोमन लहान ए वर तिरकी रेघ, शेजारी आणखी दोन चिन्हं, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर घाबरू नका. मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. तेलुगू 'क' यूटीएफ-८ मध्ये २२४, १७६, १४९ असा तीन बाइटचा असतो. विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीत २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १७६ म्हणजे अंशाचं छोटं वर्तुळ, १४९ म्हणजे ठळक ठिपका. तेलुगूच्या पहिल्या ६४ जागांचा मधला बाइट १७६, उरलेल्या ६४ चा १७७, आणि १७७ म्हणजे अधिक-उण्याचं चिन्ह. त्यामुळे रेघवाल्या ए च्या शेजारी अंश किंवा अधिक-उणे दिसलं की मूळ मजकूर तेलुगू. तिथे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह दिसलं तर मूळ देवनागरी. लिपी न वाचता एका नजरेत ओळखता येते.

असं होतं ते सहसा सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडल्याने. तशी उघडू नका. डेटा मेनूतून फाइल आत आणा आणि भाषा-संकेत विचारेल तिथे ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा. एक मात्र कळकळीने सांगतो: बिघडलेली फाइल उघडली असेल तर 'सेव्ह' दाबू नका. पोल्लुचा तिसरा बाइट १४१ आहे, आणि त्या जुन्या पद्धतीत १४१ ला कोणतंही अक्षर नेमलेलं नाही. काही प्रोग्राम तो बाइट साठवताना टाकून देतात. मग बाकी सगळं परत मिळालं तरी यादीतली सगळी जोडाक्षरं सुटी होतात.

जुन्या डीटीपीच्या फाइली असतील तर प्रकरण वेगळं. आपल्याकडे श्रीलिपी, तिकडे अनु, अशा फॉन्टांत अंक आकारांच्या तुकड्यांना दिलेले असतात, वर्णांना नाही. डोक्यावरची ती बरोबरच्या खुणेसारखी रेघ, तलकट्टु, एक अंक. एखादा वत्तु दुसरा अंक. तिथे ७६८ नाही की उच्चाराचा क्रम नाही. प्रत्येक फॉन्टाचा स्वतंत्र परिवर्तक लागतो, आणि परिवर्तनानंतर तेलुगू जाणणाऱ्याने ओळ न् ओळ वाचावी लागते. जुन्या यादीत पाच-सहाशेच नावं असतील तर परिवर्तकाच्या मागे न लागता कोणाकडून तरी नव्याने टंकून घ्या, वेळ कमी जाईल असं माझं मत आहे. हजारोंनी असतील तर परिवर्तक.

तुमच्या यादीपुरतं मी असं करेन. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवेन. देवनागरी नावांतून 'ऱ', 'ऑ', 'ॲ' आणि नुक्ता असलेल्या ओळी वेगळ्या काढेन. उरलेल्यांना ७६८ मिळवून कच्चा रकाना बनवेन आणि तो समाजातल्या तेलुगू लिहिता-वाचता येणाऱ्या दोघांना देईन, कारण ऱ्हस्व ए-ओ आणि शेवटचा पोल्लु तेच ठरवू शकतात. शक्य असेल तिथे सभासदाला स्वतःलाच विचारावं, आपलं नाव कसं लिहायचं हा त्याचा हक्क आहे. मग शोधाचा लपवलेला रकाना. आणि यादी अकारविल्हे लावायची तर ती क्रमांकांवरून लावू नका. क्रमांकांत 'ळ' येतो ल आणि व च्या मध्ये, तर तेलुगू वर्णमालेत तो आपल्यासारखाच 'ह' च्या नंतर येतो.

अंक बघण्यासाठी एक्सेलमध्ये युनिकोड नावाचं सूत्र आहे. ते फक्त पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं, म्हणून मिड सूत्राने एकेक अक्षर बाजूला काढून त्याला द्या. न जुळणाऱ्या दोन ओळींची अशी अंकांची रांग शेजारी शेजारी मांडली की फरक कुठे आहे ते लगेच दिसतं. तरीही एखादं नाव अडलं तर इथे पडद्याचं चित्र टाकू नका, त्या दोन रांगा टाका. चित्रावरून मला काहीच सांगता येणार नाही, रांगांवरून नक्की सांगेन.